चुलबंद आवतन

मैनाबाईच्या पोटात दुखायला लागलं ते जयवंताच्या गोठांपासून. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जयवंता दोन्ही हातांत चांदीचे भरीव गोठ घालून विहिरीवर आली. दोर ओढताना ते मनगटावरून कोपराकडे सरकत आणि हात खाली गेला की परत येत. मैनाबाईनं हे सात वेळा पाहिलं. आठव्या वेळी तिनं आपली घागर अर्धीच भरली आणि घरी निघून आली.

तसं पाहिलं तर त्या वर्षी चांदी कुणाच्या घरात आली नव्हती? समुद्रापलीकडे कुठंतरी गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या काळ्या मातीला भाव आला होता. इंग्रजी साल चौसष्ट चालू होतं. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर ज्वारी पेरली, त्यांनी आता अंगणापर्यंत कापसाची पऱ्हाटी आणून लावली. खुशालराव पाटलानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या ठोकल्या. पण पाटलाच्या बैलांवर मैनाबाई कधी जळली नाही. जळायलाही माणसाला जवळचंच कोणी लागतं, आणि पाटील फार लांबचा होता.

जयवंता मात्र भिंतीला भिंत लागून होती. दोघी एकाच गावच्या लेकी, एकाच साली या गावात दिलेल्या. अकोल्यापासून दोन कोसांवरचं, मोर्णेच्या काठाचं गाव. पहिली सतरा वर्षं दोघींनी मैनाच्या सासूच्या जुन्या रेच्यावर मिळून सरकी काढली. रेचा म्हणजे दोन लाटांची, म्हणजे रुळांची, लाकडी चौकट. एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं लाटांच्या फटीत कापूस धरायचा. पलीकडे रूई पडते, अलीकडे सरकी. जयवंता फिरवायची आणि बोलायची. मैना कापूस धरायची आणि ऐकायची. एवढं ऐकलं होतं की जयवंताच्या नणंदेच्या दिराचं नावसुद्धा तिला पाठ होतं.

कापसाला भाव आला आणि अकोल्याच्या एका वखारीनं गावात घरटी एक नवा रेचा दिला. रेचे वखारीचे, कापूसही वखारीचा, हात तेवढे बायकांचे. जयवंताच्या रेच्यावर तिची दहा वर्षांची वच्छला दांडा फिरवू लागली. मैनाची पोरगी आदल्याच वर्षी अचलपूरला दिलेली, म्हणून तिच्या रेच्यावर सासू बसली. दुर्गाबाईच्या खांद्यात वात. चार फेरे झाले की ती थांबे, आणि थांबली की बोलायला लागे. जयवंता पलीकडे कुणाशी हसली तर भिंतीतून ऐकू येई. हसण्याचं कारण तेवढं ऐकू येत नसे.

आता काम कुणाचं चांगलं, हे विचाराल तर मैनाचं. तिच्या रूईत फुटक्या सरकीचा एक तुकडा सापडायचा नाही. पण वखारीच्या गाडीपाशी बायका जमल्या की ऐकलं जाई जयवंताचं. याचंही मैनाच्या पोटात दुखे, आणि ते गोठांपेक्षा जास्त दुखे.

पौषात वखारीचे दिवाणजी केशवराव बैलांच्या दमणीतून आले आणि मारुतीच्या पारावर बसले. बायका पदर सावरून उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या पापण्यांवर रूईची कस, म्हणजे उडालेले बारीक तंतू, बसलेली, सगळ्या खोकत होत्या.

"आजपासून रूईबरोबर सरकीही वखारीत जमा करायची," केशवराव म्हणाले. "त्याबदली मणामागं दोन पैसे जास्त मिळतील."

आजवर सरकी बाईची असे. सासूच्या सासूपासून चालत आलेली रीत होती ती. रूई मालकाची, सरकी काढणारणीची. त्या सरकीवर गावातल्या म्हशी दूध देत. आणि त्या साली तर सरकीवाचून दुसरं काही नव्हतंच. ज्वारीच कुणी पेरली नव्हती, मग कडबा कुठला? पण आगगाडीच्या बांधावर माती ओढणाऱ्या बैलांना ठेकेदार सरकी चारत होता आणि वखार ती त्याला विकणार होती.

"अन् आमच्या म्हशी?" जयवंतानं विचारलं.

"म्हशींचं मला काय विचारता?"

"मंग तुमचे दोन पैसे म्हशीपुढं टाकू का?"

बायका हसल्या. केशवरावांचे कान लाल झाले. मैना हसली नाही. हेच वाक्य तिच्याही मनात आलं होतं, अगदी ओठापर्यंत आलं होतं. जयवंतानं ते आधी बोलून घेतलं.

मैनाची भुरी म्हैस तेव्हा गाभण होती, आठवा महिना सरत आलेला. रोज संध्याकाळी पाटीभर भिजवलेली सरकी खाऊन ती डोळे मिटून रवंथ करी. दिवाणजी गेले त्या संध्याकाळी मैनानं तिच्यापुढं वाळलेल्या पऱ्हाटीचा पाला टाकला. भुरीनं तो हुंगला आणि मान वळवून मैनाकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जयवंतानं बेत सांगितला. घागरी भरायच्या राहिल्या आणि सगळ्या तिच्याभोवती उभ्या राहिल्या.

"रेचे कोणाचे? वखारीचे. मंग वखारीचं वखारीले नेऊन देऊ. बाजाराच्या दिवशी डोक्यावर घेऊ अन् भर बाजारातून जाऊ. सारा अकोला पाहीन. दारात नेऊन ठेवू अन् सांगू, सरकी देत असान त परत नेतो. मुंबईले जहाज थांबून आहे म्हणतात. चार दिवस रूई नाही गेली त शेठ सोता येईन गावात."

"घरचा माणूस जाऊ देईन का पण?" शेजारच्या शकुननं विचारलं. ती लग्न होऊन आली त्याला वर्षच झालं होतं आणि तिचा नवरा तापट होता. "बायका बाजारातून डोक्यावर रेचे घेऊन चालल्या म्हटलं त टांगडं तोडीन माहं."

जयवंतानं तिच्याकडे पाहिलं आणि हसली. "मी आवतन देते तुले. कुकू लावून, अक्षता देऊन, जसं लग्नाचं देतात तसं. सवाष्णीचं आवतन कोणता माणूस मोडते?"

ही तिची खरी हुशारी. नुसतं या म्हटलं तर बाई नवऱ्याला विचारणार, नवरा भावाला विचारणार, आणि तोवर बाजार उठणार. पण कपाळाला कुंकू लागलं, ओंजळीत अक्षता पडल्या, म्हणजे घराचा शब्द गेला. मग सासूसुद्धा म्हणते, जाऊन ये बाई, आवतन मोडू नये.

मैना दोर हातात धरून ऐकत होती. बेत चांगला होता, हे तिला कळलं. तो आपल्याला सुचला नाही, हेही कळलं.

आवतन द्यायला जयवंता बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी निघाली. गल्लीच्या त्या टोकापासून तिनं सुरुवात केली. मैनानं तोवर उंबरा सारवून घेतला होता. तोंड धुतलं, कपाळावरची कस पुसली आणि बसायला पाट मांडला. मग रेच्यापाशी जाऊन बसली, म्हणजे वाट पाहत होती असं वाटायला नको.

एकेका दारात जयवंताच्या जोडव्यांचा आवाज थांबत होता. टोकाच्या उत्तमरावांच्या दारात थांबला. त्यापुढच्या दारात थांबला. शकुनच्या दारात तर फार वेळ थांबला. तिथलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"चुलबंद आहे वं शकुन. सासू, नणंद, साऱ्या या. घरात चूल पेटवाची नाही उद्या."

चुलबंद म्हणजे सगळ्या घराला. वर्षाच्या सुनेला चुलबंद आवतन! मैनानं हातातला कापूस खाली ठेवला आणि पदर नीट केला. जोडवी निघाली. आली. दारासमोर आली आणि पुढं गेली. आपल्या दाराशी पोचल्यावर जयवंता थांबली आणि तिथूनच बोलली. आवाज दमलेला होता.

"मैना, तुह्या हातची चुंबळ चांगली बसते डोक्यावर. एक मलेही करून ठेव वं. जाड कर."

आणि ती आत गेली. तिच्या घराचं दार लागलं.

"आली का?" आतून दुर्गाबाईनं विचारलं.

"गेली."

"आपल्या उंबऱ्याले पाय नाही लावला?"

"नाही."

"पाहून ठेव मंग," म्हातारी म्हणाली. "गोठ आले हातात त डोये वर गेले. साऱ्या गल्लीले कुकू अन् आपल्याले चुंबया वयाचं काम."

मैनाच्या अंगाची लाही झाली. पाट उचलून तिनं भिंतीला टेकवला. पण चुंबळ तिनं वळली. जुनं लुगडं फाडून, चार पदरी, अशी घट्ट वळली की गावात दुसरीला जमली नसती, आणि जयवंताच्या दाराच्या खुंटीला अडकवून आली. कामाला कमी पडली असं कुणी म्हणायला नको. स्वतःसाठी मात्र तिनं वळली नाही.

जेवताना तिचा नवरा नत्थुजी म्हणाला, "उद्या मी वांगे घेऊन बाजारात जाऊन राहिलो. तुमी साऱ्याजणी निघणार न?"

"साऱ्या जातीन. मले आवतन नाही."

नत्थुजीचा घास हातात राहिला. "तुले आवतन? जयवंतानं तुले आवतन द्यावं?" आणि तो हसला.

तो का हसला हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. आपला नवराही हसतो, एवढंच तिनं मनात ठेवलं. "हासून घ्या," ती म्हणाली आणि ताटातली भाकरी तिनं भुरीला नेऊन घातली.

सकाळी धुकं होतं. नत्थुजी वांग्यांची पाटी घेऊन अंधारातच गेला होता. पारावर बायका जमत होत्या. रेचा डोक्यावर चढवायला दोघी लागतात, म्हणून एकमेकींना हात देत होत्या. सत्तावीस रेचे. कुणी नवं लुगडं नेसलेली, कुणी नथ घातलेली. आवतनाला जायचं म्हणजे नटायला हवंच. दाराच्या फटीतून मैनाला सगळं दिसत होतं. जयवंतानं डोक्यावर तिची चुंबळ ठेवली होती, पण रेचा अजून खालीच होता. ती सारखी इकडे पाहत होती.

थोड्या वेळानं शकुन आली. कपाळावर कालचं कुंकू.

"मैनाकाकू, चला न. साऱ्या थांबून आहेत."

"तिनं पाठवलं का तूच आली?"

"मीच आली. मी म्हटलं जयवंताकाकूले, मैनाकाकूले सांगतलं का नाही? त थे म्हने, मैनाले काय सांगाचं."

"काय म्हने?"

"मैनाले काय सांगाचं, म्हने."

मैनानं मान हलवली. तिला जे हवं होतं ते ऐकायला मिळालं होतं. मैनाला काय सांगायचं! ती कोण? ती चुंबळ वळणारी.

"जाय तू," ती शकुनला म्हणाली. "तुले चुलबंद आहे. मले काई नाही."

शकुन गोंधळून परत गेली. मैनानं सासूला उठवलं, रेच्यापाशी बसवलं आणि दांडा तिच्या हातात दिला. लाटांना तिनं तेल लावलं नाही. रेचा करकर वाजू लागला. धुक्यात आवाज लांबवर जातो. पारावरच्या बायका बोलता बोलता थांबल्या.

मग ती ओळ निघाली. मैनाच्या दारावरूनच वाट होती. एकामागून एक सत्तावीस रेचे डोक्यावर डुगडुगत गेले. कुणी आत पाहिलं, कुणी मान वळवली नाही. जयवंता दारासमोर क्षणभर उभी राहिली. तिनं तोंड उघडलं होतं. रेच्याची करकर थांबली नाही, तेव्हा ती पुढं गेली.

संध्याकाळी नत्थुजी रिकामी पाटी घेऊन आला. वांगी लवकर खपली होती. त्यानं पाय धुतले नाहीत, तसाच बसला आणि सांगू लागला. असा बोलका तो वर्षात दोनदा होई.

"बाजार उभा राहिला वं साराच्या सारा. मले वाटलं, आग लागली का कोठी. तराजू हातात अन् मान इकडे, असे उभे लोक. बायका येऊन राहिल्या रेचे घेऊन. एक बोलत नाही. नुसत्या चालून राहिल्या. अन् समोर जयवंता. वखारीच्या दारात एकावर एक रेचे रचले, छातीइतकी रास झाली. केशवराव भाईर आला. म्हने, साऱ्या गावाच्या आहेत का? जयवंता म्हने, साऱ्या. गावात एक रेचा फिरून नाही राहिला. बाजारातले लोक टाळ्या पिटत होते. बागवानानं पोरींले बोरं वाटले फुकट."

तो थांबला. मग भिंतीला टेकवलेल्या पाटाकडे पाहत म्हणाला, "मी तुले पाहत होतो त्याईच्यात."

मैनाच्या डोळ्यांपुढं बाजार आला. सगळं अकोलं पाहतंय आणि समोर जयवंता, डोक्यावर आपली चुंबळ. तिला इतकं वाईट वाटलं की तिनं उठून चुलीतलं लाकूड उगीच आत सारलं. तिथं ती असती तर? असती तर दुसरी असती, जयवंताच्या मागं. लोकांनी बोट दाखवलं असतं ते पुढच्या बाईकडे. असं स्वतःला समजावून ती परत रेच्यावर बसली.

दोन दिवस गावात फक्त तिचाच रेचा वाजत होता. गावाला त्या आवाजाची एवढी सवय की तो बंद झाल्यावर कुत्रीसुद्धा बेचैन झाली, आणि एका घरातून तो येत राहिला तेव्हा माणसं बेचैन झाली. शकुन दोनदा दाराशी आली. "काकू, आता त थांबा. आयकू जाते वेशीपर्यंत." मैना म्हणाली, "मी कोणाच्या आवतनात नाही. माहं काम करून राहिली." जयवंता मात्र आली नाही. दोन हातांवर दार, मध्ये मातीची भिंत, तरी आली नाही. ती मैनाचा रेचा ऐकत होती आणि तिच्याही मनात काय काय जमत होतं. दोघींपैकी एकीनं पाऊल उचललं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी केशवरावांची दमणी गावात शिरली. शेठनं त्यांना समजूत घालायला पाठवलं होतं, आणि गावातल्या नंतरच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा तर अर्धी सरकी सोडायची तयारी ठेवूनच पाठवलं होतं. पण वेशीतच त्यांनी करकर ऐकली. दमणी मैनाच्या अंगणात थांबली.

केशवराव उतरले, दारात वाकून पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "परवा भर बाजारात ती बाई म्हणाली, गावात एक रेचा फिरत नाही. मग हा काय भुताचा आहे?"

मैना उभी राहिली. तिच्या अंगभर कस होती. केशवरावांनी टोपलीतली मूठभर रूई घेतली, बोटांनी उलगडली आणि उन्हात धरली. ती उलटून पालटून पाहिली.

"एक तुकडा नाही," शेवटी ते म्हणाले. "तीन वर्षं मी या भागात फिरतो आहे बाई. अशी रूई पाहिली नाही."

कुणीतरी पाहिलं होतं. कुणीतरी उन्हात धरून पाहिलं होतं आणि मोठ्यानं म्हटलं होतं. हे भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल का, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार.

"अन् सरकी?" तिनं कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवलं.

केशवरावांनी आवाज उतरवला. "ती राहू दे तुझ्याकडे. तुझ्यापुरती. बोलायचं मात्र नाही कुणाजवळ."

रूईचं गाठोडं दमणीत घालून ते पारावर गेले. बायका जमल्या, त्यांचे नवरेही जमले. मैना आपल्या दारातच उभी होती. तिथून सगळं दिसत होतं.

"हे पाहा," केशवरावांनी गाठोडं सोडलं. "तुमच्याच गावातली बाई. तिला परवडतं. तुम्हाला का परवडत नाही? तुमची पुढारीण बाजारात म्हणते एक रेचा फिरत नाही, आणि मी येतो तर रेचा फिरतो आहे. खोटं बोलून कचेरीत उभं राहायचं आहे का तुम्हाला?"

सगळे मैनाकडे पाहू लागले. जयवंताही पाहू लागली. आता एकच वाक्य बोलायचं होतं. मले सरकी सोडली म्हणून मले परवडते. एवढंच. सहा शब्द, आणि केशवरावांना गाठोडं बांधून निघावं लागलं असतं. मैनाला हे पुरतं कळत होतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे पारापर्यंत चालत जाऊन जयवंताच्या बाजूला उभं राहायचं, आणि नंतर गावानं म्हणायचं, जयवंताचं खरं ठरलं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग आत गेली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दोन बायका अकोल्याला जाऊन रेचे घेऊन आल्या. लाजेनं त्या बाजारातून न येता नदीच्या पात्रातून आल्या. मग पाच गेल्या. मग सगळ्याच. राशीतून आपला रेचा ओळखताना भांडणं झाली. कुणाची लाट चिरलेली, कुणाचा दांडा गेलेला, आणि वखारीचे गडी बाजूला उभे राहून हसत होते. शकुनचा नवरा तिला बोलला ते गल्लीभर ऐकू गेलं. जयवंता सगळ्यांत शेवटी गेली. तिला सांगितलं, तुझा रेचा मोडला, नवा शिल्लक नाही.

माघ संपता संपता शालिकरामनं, म्हणजे जयवंताच्या नवऱ्यानं, म्हैस अचलपूरच्या बाजारात नेऊन विकली. मैनाच्या भुरीला पारडी झाली. खरवस झाला तेव्हा तिनं एक वाटी बाजूला काढून ठेवली, भिंतीपलीकडे द्यायला. संध्याकाळपर्यंत ठेवली, मग सासूला दिली. फाल्गुनात केशवराव आले आणि म्हणाले, "आता सगळ्यांसारखी तूही सरकी जमा कर. तुला एकटीला कुठवर सोडू?"

त्याच आठवड्यात विहिरीवर दोघी एकट्या भेटल्या. ऊन चढलं होतं. जयवंता दोर ओढत होती आणि मैनाची नजर सवयीनं तिच्या मनगटाकडे गेली. गोठ नव्हते. हात मोकळे होते, आणि गोठ होते तिथं कातडी थोडी उजळ दिसत होती. मैनाला वाटलं होतं असं काही पाहिलं तर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. आणि बरं वाटलं नाही याचा तिला राग आला.

"तू मले आवतन नाही देलं," ती म्हणाली.

जयवंताचा दोर थांबला. "कोणाले?"

"मले. साऱ्या गल्लीले देलं. शकुनले चुलबंद देलं. माह्या दारावरून गेली अन् मले नाही देलं."

जयवंतानं घागर काठावर ठेवली. ती मैनाकडे अशी पाहत राहिली की जणू हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आलंच नव्हतं.

"मैना, तुह्या घरी कार्य असलं त तू तुह्या सासूले आवतन देतं का? नत्थुभाऊले कुकू लावतं का?"

मैनानं आपली घागर खाली ठेवली.

"घरच्या माणसाले आवतन नसते वं. परक्याले असते. घरचा माणूस पंगतीत बसत नाही, वाढते." तिचा आवाज वर गेला नाही. "मी साऱ्याईले सांगतलं होतं, समोर मी अन् मैना. बाजारात तुही जागा सोडून चाललो आमी. लोक पुसत होते, अथी मधात खाली जागा कावून आहे?"

मैनाले काय सांगाचं. आता ते शब्द मैनाला परत ऐकू आले, आणि या वेळी त्यांचा अर्थ दुसरा होता. नत्थुजी का हसला तेही कळलं. पण त्या घटकेलासुद्धा तिच्या मनात आलं ते हेच, की इथंही जयवंताच मोठी ठरली. जयवंतानं घागर डोक्यावर घेतली आणि ती गेली. चुंबळ तिची स्वतःची होती, सैल वळलेली. पाणी हिंदकळून पाठीवर सांडत होतं.

वैशाखात वच्छलाचं लग्न ठरलं. तेल्हाऱ्याचं स्थळ. आठ दिवस आधीपासून भिंतीपलीकडे काम सुरू झालं. जाती फिरू लागली, शेवया होऊ लागल्या, शकुनचं हसणं ऐकू येऊ लागलं. मैना घरात बसून प्रत्येक आवाज ओळखत होती. हळद दळायला घेतली तेव्हा तिनं हात धुतले. मैना, ये वं, अशी एक हाक आली की जायचं. दोनदा ती उठून दारापर्यंत गेली. घरच्या माणसानं हाकेची वाट पाहायची नसते, हे आता तिला ठाऊक होतं. पण आपण अजून घरच्या आहोत का, हे ठाऊक नव्हतं, आणि न बोलावता जाऊन दारात उभं राहायचं तिच्यानं झालं नाही. दोन्ही वेळा ती परत येऊन बसली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जोडवी वाजली. या वेळी ती पुढं गेली नाहीत. मैनाच्याच दारात थांबली.

जयवंता उंबऱ्याबाहेर उभी होती. डोक्यावरून पदर, मागं वच्छला, तिच्या हातात करंडा. मैनानं भिंतीचा पाट घाईघाईनं खाली मांडला.

"बसत नाही," जयवंता म्हणाली. "लय घरं राहिले."

तिनं करंड्यात बोट बुडवलं आणि मैनाच्या कपाळाला कुंकू लावलं. नीट, गोल, जसं सगळ्यांना लावतात तसं. मग तांदळाचे पिवळे दाणे तिच्या ओंजळीत सोडले.

"मैनाबाई, वच्छलाचं लग्न आहे. चुलबंद आवतन आहे तुमाले. सारे या."

तुमाले. वीस वर्षांत जयवंतानं तिला कधी तुमी म्हटलं नव्हतं. मैना उभीच राहिली. जोडवी शकुनच्या दाराकडे गेली, पण तिथं न थांबता पुढच्या घरी गेली.

"कोण आलतं वं?" आतून दुर्गाबाईनं विचारलं.

"जयवंता."

"काय म्हने?"

"लग्नाचं आवतन. चुलबंद."

"पाय, आली का नाही शेवटी आपल्या उंबऱ्याले?" म्हातारी खूश झाली. "अक्षता देवापाशी ठेव. सांडू नको."

मैनाबाई मूठ मिटून उभी होती. पलीकडे बायका हळदीचं गाणं म्हणत होत्या आणि मधूनच कुणी चुकली की सगळ्या हसत होत्या. तिथं तिचं काही काम नव्हतं. लग्नाच्या दिवशी पंगत बसली की ती सासूला घेऊन जाईल, पाटावर बसेल, कुणी वाढेल ते जेवेल आणि हात धुऊन घरी येईल.